कुंभाराचं गाढव, गावाचं डुक्कर

मे २००९मध्ये स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला रुग्ण हैदराबादेत सापडला. तो अमेरिकेहून विमानाने आला होता. ३ ऑगस्टला देशातला पहिला बळी पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. ही दोन शहरं जोडणारा महामार्ग सोलापूर ओलांडून नळदुर्गला येतो आणि पुढे तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटवरून उमरग्याकडे जातो. मराठवाड्यातल्या अशा मोठ्या गावांच्या कडेला, उकिरड्यांवर आणि गटारांच्या काठी डुकरं हिंडतात, हे काही नवं नाही. त्या डुकरांचा हैदराबादच्या रुग्णाशी संबंध नव्हता, पुण्याच्या मुलीशी तर नव्हताच. पण आजाराच्या नावात त्यांची जात आली होती. आपल्याकडे तेवढं पुरतं.

त्या ऑगस्टात पुण्यातल्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, औषधाच्या दुकानांतले मास्क संपले आणि लोक तोंडाला रुमाल, ओढण्या बांधून फिरू लागले. शाळा, महाविद्यालयं, चित्रपटगृहं काही दिवस बंद राहिली. मुंबईत अनेक मंडळांनी दहीहंडी रद्द केली. कोरोनाच्या अकरा वर्षं आधीची ती रंगीत तालीमच. या सगळ्या काळात विषाणू माणसाच्या शिंकेतून माणसाकडे जात होता. नीट शिजवलेल्या डुकराच्या मांसातून तो येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती; ३० एप्रिललाच तिने 'स्वाइन फ्लू' हे नाव बाजूला ठेवून 'इन्फ्लुएन्झा ए (एच१एन१)' म्हणायला सुरुवात केली होती. पण एकदा चिकटलेलं नाव पत्रक काढून निघत नाही.

इजिप्तने तर कहर केला. एप्रिल २००९च्या अखेरीस, देशात एकही रुग्ण नसताना, तिथल्या सरकारने झाडून सगळी, म्हणजे सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. ही डुकरं होती कैरोतला कचरा गोळा करणाऱ्या झब्बालीन लोकांची, आणि हे लोक बहुतांश कॉप्टिक ख्रिस्ती. घरोघरचा कचरा आणायचा, ओला डुकरांना घालायचा, सुका निवडून विकायचा, यावर त्यांची पोटं चालत. डुकरं गेली आणि काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर सडक्या अन्नाचे ढीग साचले. रुग्ण मात्र जूनमध्ये आलाच, विमानतळावरून. इस्रायलमध्ये आरोग्य खात्याच्या उपमंत्र्यांनी, डुकराचं नाव तोंडी नको म्हणून, 'मेक्सिको फ्लू' म्हणावं असं सुचवलं. त्यावर मेक्सिकोने हरकत घेतली. काबूलच्या प्राणिसंग्रहालयात अफगाणिस्तानातलं एकमेव माहीत असलेलं डुक्कर होतं, चीनने भेट दिलेलं. लोक घाबरतात म्हणून त्यालाही वेगळं कोंडलं गेलं. बिचाऱ्याला फ्लू द्यायला दुसरं डुक्कर नव्हतंच. दिला असता तर तो बघायला येणाऱ्या एखाद्या माणसाने.

मालवणी मुलखात म्हणतात, करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव.

यातला प्रश्न वैद्यकाचा कमी आणि तत्त्वज्ञानाचा जास्त आहे. एखादी गोष्ट घडण्याआधी जे जे हजर होतं, त्यातलं कारण कोणतं आणि नुसतंच हजर होतं ते कोणतं? न्यायशास्त्राने हा प्रश्न शेकडो वर्षं घोळवला, आणि तोही मडक्याच्या उदाहरणावर. धाराशिव जिल्ह्याला हे उदाहरण परकं वाटू नये. तिथलं तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. मडकं हे कार्य. माती त्याचं समवायी कारण, कुंभार निमित्तकारण, चाक आणि दांडा त्याचे मदतनीस. पण माती खाणीतून आणली कुणी? गाढवाने. मडक्याच्या आधी गाढव होतंच, मग तेही कारण का नाही? नैयायिक म्हणतात, गाढव अन्यथासिद्ध आहे. माती डोक्यावरून आणली असती, गाडीत घालून आणली असती, तरी मडकं झालंच असतं. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने लिहिलेल्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात अशा अन्यथासिद्धांचे प्रकार दिले आहेत. त्यात कुंभाराचा बापही बसतो आणि गाढवही. बाप नसता तर कुंभार जन्मला नसता हे खरं, पण म्हणून मडक्याचे पैसे कुणी बापाच्या हातावर ठेवत नाही.

तर मग या तापात डुक्कर कोण, चाक की गाढव? याचं उत्तर पोथीत मिळणार नाही. त्यासाठी विषाणूची कुळकथा बघावी लागते.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची जनुकं एका सलग धाग्यावर नसतात. त्यांचे आठ सुटे तुकडे असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एका वेळी शिरले तर बाहेर पडणाऱ्या पिलावळीत या तुकड्यांची सरमिसळ होते. दोन विषाणूंच्या आठ-आठ तुकड्यांतून २५६ प्रकारच्या जुळण्या शक्य असतात. शिवाय नक्कल करताना झालेल्या चुका सुधारायची सोय या विषाणूपाशी नाही, म्हणून सरमिसळ झाली नाही तरी तो बदलत राहतोच. डुकराच्या श्वासनलिकेतल्या पेशींना पक्ष्यांचा फ्लूही चिकटू शकतो आणि माणसाचाही. त्यामुळे डुक्कर म्हणजे विषाणू मिसळण्याचं भांडं, असं पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. पुढे माणसाच्या फुप्फुसाच्या खोल भागातही पक्ष्यांच्या विषाणूला चिकटायला जागा सापडली. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकी गाजली नाही.

२००९च्या विषाणूचे आठही तुकडे सुटे सुटे तपासले गेले. तीन तुकडे अमेरिकी डुकरांत जुन्या काळापासून असलेल्या फ्लूचे निघाले. दोन उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांकडून आलेले, एक माणसाच्या एच३एन२ फ्लूतला. ही तिहेरी खिचडी अमेरिकेतल्या डुकरांत १९९८च्या सुमारास पहिल्यांदा सापडली होती. उरलेले दोन तुकडे युरोपातल्या डुकरांचे. ते मुळात बदकांचे. १९७९मध्ये बेल्जियममधल्या डुकरांत ते उतरले आणि तिथेच रुळले. आता अमेरिकेतलं डुक्कर आणि युरोपातलं डुक्कर एकमेकांना भेटले कुठे? २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मेक्सिकोतल्या डुकरांचे नमुने तपासून याचा माग काढला. साथ सुरू होण्याआधी जवळपास दहा वर्षं हा वंश मध्य मेक्सिकोच्या पट्ट्यात डुकरांमध्ये फिरत होता, आणि त्याचे पूर्वज दोन्ही खंडांतून आणलेल्या जिवंत डुकरांबरोबर तिथे पोचले होते.

डुक्कर आपल्या पायांनी समुद्र ओलांडत नाही. त्याला जहाजात नाहीतर विमानात चढवणारा कुणीतरी असतो, ज्याच्याकडे परवाना आणि बिलं असतात. एका छपराखाली हजारो डुकरं दाटीने ठेवणारा, एका राज्यात जन्मलेली पिल्लं दुसऱ्या राज्यात वाढवायला ट्रकने पाठवणारा धंदाही माणसाचाच. त्या दाटीत विषाणूला एकामागून एक नवं शरीर मिळत गेलं.

त्या तीन जुन्या तुकड्यांची गोष्ट आणखी मागे जाते. १९१८मध्ये जी साथ आली, तिला आपल्याकडे जुनी माणसं मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून जास्त माणसं नेली. गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे. एस. कोएन नावाच्या पशुवैद्याच्या लक्षात आलं की शेतकऱ्याच्या घरात जो ताप आहे, तोच त्याच्या डुकरांनाही आहे. त्याने तसं उघड सांगितलं आणि मांसाच्या व्यापाऱ्यांचे बोल खाल्ले. रिचर्ड शोप यांनी १९३१मध्ये डुकरांच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. माणसाच्या फ्लूचा विषाणू त्यानंतर दोन वर्षांनी हाती लागला. डुकराचा आधी सापडला म्हणून तो डुकराकडून आला असं वाटणं साहजिक होतं. पण १९१८मध्ये तो माणसाकडून डुकरांकडे गेला असावा, याकडे आज बहुतेक संशोधकांचा कल आहे. माणसांत तो वर्षागणिक बदलत गेला. डुकरांत मात्र तो पुष्कळसा जुन्या रूपात टिकला, आणि ९१ वर्षांनी नवे जोडीदार घेऊन परतला. याचा एक पुरावा दवाखान्यांत दिसत होता: एरवी फ्लूने म्हातारी माणसं जातात, २००९मध्ये तरुण गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जन्मलेल्या अनेकांच्या रक्तात त्या जुन्या वंशाची ओळख शिल्लक होती.

आणि २००९मध्येही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. नॉर्वेतली डुकरं तोवर फ्लूपासून मुक्त होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या कळपांत हा विषाणू सापडला. तो खोकणाऱ्या माणसांकडून आला होता. जगभरच्या नमुन्यांची वंशावळ मांडणाऱ्या एका अभ्यासात २००९ ते २०११ या काळात माणसाकडून डुकराकडे किमान ४९ वेळा हा विषाणू गेल्याचं आढळलं. भारतात २०१५च्या मोठ्या लाटेत जवळपास तीन हजार माणसं दगावली, त्या वेळी तर तो पूर्णपणे माणसांतला हंगामी फ्लू झालेला होता. तरी वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत डुक्कर होतंच.

हा उलटा हिशेब फक्त विषाणूपुरता नाही. विटाळाचाही तोच आहे. धर्मशास्त्राने रानडुक्कर आणि गावडुक्कर यांत फार पूर्वीच फरक केला. मनुस्मृतीत गावडुक्कर वर्ज्य आहे; रानडुकराचं मांस मात्र श्राद्धात पितरांना दहा महिने तृप्त करतं असं सांगितलं आहे. प्राणी तोच, कातडीही तीच. फरक एवढाच की गावडुक्कर माणसाची घाण खातं. म्हणजे घाण माणसाची, ती साफ करतं डुक्कर आणि अपवित्र ठरतं तेही डुक्करच. त्याच्याबरोबर त्याला पाळणारा कैकाडी, वडारही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याचं कुटुंब सगळ्या गावासमोर डुक्कर पकडायला धावतं, तेव्हा गावाला करमणूक होते आणि जब्याला लाज वाटते. ज्यांच्या परसातून ते डुक्कर पोसलं गेलं, त्यांना लाज वाटताना त्या चित्रपटात दिसत नाही. चित्रपटाबाहेरही दिसत नाही.

पोटातल्या पट्टकृमीचं उदाहरण याच मासल्याचं. डुकराच्या मांसातून माणसाला कृमी होतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण डुकराला तो माणसाच्या विष्ठेतून होतो. आणि मेंदूत त्याच्या गाठी होऊन फिट येणारे कितीतरी रुग्ण डुकराच्या वाटेलाही न गेलेले, शाकाहारी असतात. कृमी बाळगणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून, न धुतलेल्या हाताने किंवा भाजीने, कृमीची अंडी त्यांच्या पोटात गेलेली असतात.

आणि हाच प्राणी देवळात गेला की प्रश्न येत नाही. पृथ्वी रसातळाला गेली तेव्हा तिला वर काढायला विष्णूने रूप घेतलं ते वराहाचं. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात तो पृथ्वीला उचलून उभा आहे. जैनांच्या तेराव्या तीर्थंकरांचं, विमलनाथांचं, लांछन वराह आहे. जळकोटच्या मुलखावर ज्यांनी राज्य केलं, त्या कल्याणीच्या चालुक्यांचं राजचिन्हही वराहच. त्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पुढे याच महामार्गाच्या बाजूला आहे. तिरुमलेला आधी वराहस्वामींचं दर्शन घ्यावं आणि मग बालाजीचं, असा क्रम सांगितला जातो, आणि मराठवाड्यातून जाणारे हजारो भाविक तो पाळतात. परत येताना गावाच्या वेशीवर डुक्कर आडवं आलं की तेच लोक हाड् करतात. यात ढोंग आहे असं म्हणवत नाही. देवाचं डुक्कर माणसाचं उष्टं खात नाही, एवढंच.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख डुकराचं वकीलपत्र होईल. १९९८-९९मध्ये मलेशियात डुकरांच्या गोठ्यांत काम करणारी माणसं मेंदूच्या तापाने मरू लागली. आधी तो जपानी मेंदूज्वर वाटला, निघाला निपाह. वटवाघळांनी खाल्लेली फळं झाडांखालच्या डुकरांच्या तोंडी गेली होती आणि डुकरांकडून विषाणू माणसांत आला होता. शंभरावर माणसं दगावली. सरकारने दहा लाखांहून जास्त डुकरं मारली आणि साथ थांबली. तिथे डुक्कर खरोखर दुवा होतं. मडक्याच्या भाषेत सांगायचं तर चाकच. जपानी मेंदूज्वरातही डुकराच्या रक्तात विषाणू वाढतो आणि भातखाचरातला डास तो माणसापर्यंत नेतो. म्हणून न्यायशास्त्राची कसोटी दर वेळी नव्याने लावावी लागते: हा प्राणी काढून टाकला तर रोग थांबतो का? मलेशियात थांबला. इजिप्तमध्ये थांबायला तो सुरूच झालेला नव्हता. एकाच प्राण्याच्या दोन कत्तली. एकीमागे पुरावा होता, दुसरीमागे जुनी शिसारी.

कारण सापडलं तरी माणसाचं समाधान होत नाही; त्याला अर्थही हवा असतो. माणसाने १९१८मध्ये दिलं आणि २००९मध्ये त्याच्याच पदरात परत पडलं, हे ऐकल्यावर पुष्कळांच्या तोंडी एकच शब्द येईल: कर्म. पण कर्माचा सिद्धान्त इतका ढिला नाही. त्यात करणारा आणि भोगणारा एकच असावा लागतो. ज्याने केलं त्याचं फळ बुडालं आणि ज्याने केलं नाही त्याच्या वाट्याला आलं, तर त्याला आपले शास्त्रकार कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोष म्हणतात, आणि असा दोष असलेलं मत टाकून देतात. आयोवातल्या शेतकऱ्याचा खोकला आणि मेक्सिकोतल्या व्यापाऱ्याचा नफा यांचा भोग पुण्यातल्या शाळकरी मुलीच्या माथी कोणत्या न्यायाने लावायचा? मागच्या जन्माचं म्हणून सोडवता येईल. मग मात्र काहीही सोडवता येतं आणि शोध तिथेच संपतो. बुद्धाने हे फार आधी ओळखलं होतं. संयुत्तनिकायातल्या सीवक सुत्तात तो सांगतो की माणसाला होणारा प्रत्येक त्रास पूर्वकर्मामुळे होतो हे म्हणणं चुकीचं आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी कारणं तो आधी मोजतो आणि कर्म सगळ्यांत शेवटी, आठव्या जागी ठेवतो.

खेड्याने अर्थ लावला तो निराळा. पटकी आली की मरीआईचा गाडा निघे. देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचं आणि पलीकडच्या गावच्या हद्दीत सोडून यायचं. पलीकडचं गाव तो आणखी पुढे ढकली. आज याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रोग वाटेने चालतो, एका गावातून दुसऱ्या गावात जातो आणि त्याला नेणारे आपणच असतो, एवढं तरी त्या गाड्याला कळत होतं. आणि त्याने कुठल्या मुक्या जनावरावर खापर फोडलं नाही. शेजारच्या गावावर रोग ढकलला, हा त्याचा दोष. तो आजच्या विमानतळांवरही दिसतो.

डुकराला डुकराचे म्हणून रोग आहेतच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर केनियात १९२१मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आफ्रिकेतल्या रानडुकरांच्या अंगी तो बहुधा काही न करता राहतो. पाळीव डुकराला मात्र बहुतेक वेळा मारतोच. २००७मध्ये तो जॉर्जियात उतरला, बहुधा पोटीच्या बंदरात जहाजांवरच्या उष्ट्या-खरकट्यातून. २०१८मध्ये चीनमध्ये आणि २०२०मध्ये आसाम, अरुणाचलात तो पोचला. हा विषाणू फ्लूसारखा झरझर बदलत नाही. जॉर्जियातल्या आणि आसामातल्या नमुन्यांत फरक फार थोडा. त्यामुळे त्याचा माग स्पष्ट निघतो, आणि तो माग पुन्हा माणसाच्या डब्यातून, ट्रकातून, बाजारातून जातो. माणसाला हा आजार होत नाही. म्हणून आसामात हजारो डुकरं मेली तेव्हा डुक्करपालकांची घरं बसली, पण उरलेल्या देशाने कोरोनाच्या आकड्यांवरून नजर हलवली नाही.

मे २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना नावं देण्याचे नियम केले: प्राण्याचं, गावाचं, जमातीचं नाव रोगाला देऊ नये. टाळायच्या नावांच्या उदाहरणांत 'स्वाइन फ्लू' आहे. मराठी वर्तमानपत्रांनी आणि पालिकांच्या आरोग्य विभागांनी आता तरी हा नियम पाळावा. आणि डुकरं पाळणाऱ्यांच्या वस्तीवर पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस जाईल तेव्हा फवारणीबरोबर एक सूचनाही सांगावी, जी इतर देशांत नेहमी दिली जाते: घरात कुणाला ताप-खोकला असेल, तर त्याने लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस डुकरांजवळ जाऊ नये; त्यांचं चारापाणी दुसऱ्याने बघावं.